दोरीच्या टोकाचं लाल फडकं

"हे काय आहे? नाही, तुम्हीच सांगा मला, हे काय आहे?"

आमच्या शेजारची इस्त्रीवाली वहिनी समोरच्या बांधकामाच्या गेटात उभी राहून ओरडत होती. तिने दोन्ही हातांनी एक पांढरी चादर ताणून धरली होती आणि चादरीच्या मधोमध तपकिरी धुळीचा पट्टा उमटला होता. तिच्यासमोर नारिंगी जाकीट घातलेला, पन्नाशी उलटलेला एक माणूस हातात पाण्याचा पाइप घेऊन मुकाट्याने उभा होता. मी माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून, काचेच्या आडून सगळं बघत होतो. वहिनीच्या तोंडाचा पट्टा आमच्याऐवजी दुसऱ्या कुणावर सुटलेला बघायला मिळणं ही आमच्याकडे चैनच होती.

"नर्सिंग होमची चादर आहे ही. आजारी माणसाच्या अंगाखाली जाते. अशी नेऊन दिली तर उद्यापासून माझ्या दारात कोण येणार? तुम्ही येणार?"

"येईन की," तो माणूस म्हणाला. "पण माझ्याकडे चादर नाही."

वहिनीने ताणलेली चादर खाली घेतली. अशी वेळ मी फार क्वचित पाहिली आहे.

त्या माणसाने पाइप खाली ठेवला, ओले हात पँटला पुसले आणि चादरीला बोट न लावता ती नीट बघितली. मग म्हणाला, "ही वाळत कुठे घातली होती?"

तिने दाखवलं. तिच्या टपरीच्या बांबूपासून निघालेली दोरी रस्ता ओलांडून बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणापर्यंत जाऊ शकत नव्हती, म्हणून ती फुटपाथच्या कडेकडेने नेऊन एका मोडक्या खांबाला बांधली होती. गाडी गेली की धुरळा सरळ दोरीवरच बसायचा. त्याने एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, पांढरं घालाल तेव्हा मला कळवत जा. मी बघतो काय ते."

"कळवू कसं? तुमच्या त्या मशीनच्या आवाजात ओरडून घसा फाडून घेऊ?"

"नको. लाल काहीतरी लावा दोरीच्या टोकाला. मला दिसेल."

असं ते फडकं आलं. एका जुन्या परकराचा तुकडा होता तो, हातरुमालाएवढा.

आता थोडं आमच्या रस्त्याविषयी सांगितलं पाहिजे. समोर चार मजल्यांची जुनी इमारत होती. ती पाडून तिथे मोठी इमारत उठवायचं काम सुरू झालं आणि आमच्या नाकी नऊ आले. घड्याळात धुळीचा कण गेला तर ते बंद पडतं, हे मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलो. आता माझ्या टेबलावरच धूळ बसायला लागल्यावर कुणाला काय सांगणार? पाडकामाची धूळ एक वेळ परवडली, पण खरी पीडा गाड्यांच्या चाकांची होती. आतला चिखल चाकांना लागून रस्त्यावर यायचा, वाळायचा आणि पुढची गाडी आली की आमच्या नाकातोंडात जायचा.

मग हा माणूस आला आणि गेटावर चाकं धुवायला लागला. काम एवढंच. बाहेर जाणारी प्रत्येक गाडी लोखंडी जाळीवर उभी करायची, पाइपने चारी बाजूंनी चाकं धुवायची, दोन चाकांच्या मधे अडकलेले दगड काढायचे आणि मगच गाडी सोडायची. जाळीखालचं घाण पाणी एका टाकीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जायचं. गाळ मागे राहायचा आणि शेवटच्या टाकीतलं निवळलेलं पाणी मोटर लावून पुन्हा पाइपात. वाळलेला गाळ तो फावड्याने काढून भरावाच्या ढिगावर टाकायचा. आत पाडलेल्या इमारतीचंही असंच वेगवेगळं करून ठेवलेलं असे: विटा एकीकडे, लोखंड एकीकडे, लाकूड एकीकडे, आणि काँक्रीटचे तुकडे दळून चुरा करणारं ते कर्कश मशीन. पण ते आत. आमच्या वाट्याला आला तो गेटावरचा हा माणूस. त्याला सगळे चाकवाला म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. वहिनी मात्र भाऊ म्हणायची.

लाल फडकं लागलं की चाकवाला आधी सगळा रस्ता भिजवून घ्यायचा. सुका माल भरलेल्या गाड्यांना ताडपत्री बांधल्याशिवाय गेटाबाहेर पाऊल टाकू द्यायचा नाही, आणि आत येणाऱ्यांना हात करून करून बैलगाडीच्या चालीने आणायचा. ड्रायव्हर त्याला शिव्या घालायचे. तो त्या ऐकून घ्यायचा. काही दिवसांनी त्याने मोडक्या खांबाची दोरी सोडून तिचं टोक साइटचं सामान ठेवायला आमच्या बाजूच्या मोकळ्या जागेला घातलेल्या कुंपणाच्या आडव्या पाइपाला, रस्त्यापासून दूरच्या कोपऱ्यात बांधून दिलं. बांधकामाच्या कुंपणाला बाहेरचं काही बांधायला परवानगी नव्हती. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं आणि वहिनीलाही होतं. तिघेही त्याविषयी बोललो नाही.

एकदा चहा पिताना मी त्याला विचारलं, "का हो, एवढी उठाठेव कशाला करता? चाकं धुतली की तुमचं काम संपलं."

तो म्हणाला, "उभा जन्म ट्रक चालवला मी. मागे किती धूळ उडते ते आरशात रोज दिसायचं. दारात बसलेली माणसं तोंडाला पदर लावायची. थांबायला सवड कुठे होती? आता गुडघा गेला, तर थांबायचंच काम मिळालंय."

या वयात आणि या गुडघ्यावर त्याला दुसरं काम कुणी दिलं नसतं, हेही त्यानेच सांगितलं. तक्रार म्हणून नाही, आनंदाने सांगितलं. गावाकडे घर होतं, बायको होती, मुलगी नुकती नोकरीला लागली होती. तो साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा.

वहिनीचं काम पुन्हा मार्गी लागलं. नर्सिंग होमच्या चादरींबरोबर डॉक्टरांचे कोटही यायला लागले. माझ्या टेबलावरची धूळ कमी झाली, ती फुकटात. फडकं लावायची ती आणि फायदा माझा. मी तिला एकदा म्हटलं, तर म्हणाली, "मग एखादं घड्याळ द्या ना मला फुकट." मी विषय बदलला.

आता मालकांची ओळख करून द्यायला हवी. मालक म्हणजे वहिनीचा नवरा. टपरी वहिनीची, इस्त्री वहिनीची, गिऱ्हाईक वहिनीचं, म्हणून सगळे त्याला मालक म्हणायचे. माणूस साधा, गोड स्वभावाचा. त्याला काम सांगितलं की तो मनापासून करायचा, आणि तिथेच घोळ व्हायचा. लाल फडक्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटायचं, बायको पुसायचं फडकं वाळत घालते.

एके दिवशी वहिनी नर्सिंग होमचे गठ्ठे पोचवायला गेली. दोरी रिकामी होती. तेवढ्यात पलीकडच्या चौकातल्या फोटो स्टुडिओचा पोऱ्या धुवायला टाकलेला पडदा लवकर मागायला आला. फोटोच्या मागे टांगायचा मखमली पडदा, लालभडक आणि एवढा मोठा की दोन माणसांनी उचलावा. मालकांनी तो एकट्याने पिळला आणि दोरीच्या टोकाला, कुंपणाच्या बाजूला घातला, कारण तिथे ऊन चांगलं होतं. मी दुकानात मान खाली घालून एका घड्याळाचा काटा बसवत होतो. मला हे काही दिसलं नाही.

चाकवाल्याला दिसलं. रोज हातरुमालाएवढं लाल दिसायचं ते आज चादरीएवढं. त्याने डोळे चोळले म्हणे. त्यात पाण्याची मोटर त्या दिवशी नेमकी दुरुस्तीला गेली होती, रस्ता भिजवता येत नव्हता. तो लंगडत रस्ता ओलांडून टपरीवर आला.

"मालक, आज काय विशेष?"

"मोठं काम आहे," मालक छाती फुगवून म्हणाले. "एक डाग लागला तर माझी धडगत नाही."

"किती वेळ राहणार?"

"वाळेपर्यंत. जाड आहे ना."

झालं. चाकवाला परत गेला आणि त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्या थांबवल्या. त्याच वेळी वरच्या मजल्यावर स्लॅब टाकणं चालू होतं. काँक्रीटचं एक फिरतं पिंप घेऊन गाडी कोपऱ्यावर आली. चाकवाल्याने हात केला. ड्रायव्हर नवा होता. त्याला थांबायला सांगितलं याचा त्याला आनंदच झाला, तो गाडी सावलीत लावून जेवायला गेला. चाकवाल्याने मोटरवाल्याला फोनावर फोन केले, आता येतो, आता येतो, असं तो म्हणत राहिला. मखमल काही वाळेना. काँक्रीट कुणासाठी थांबत नाही हे चाकवाल्याला कळत नव्हतं असं नाही. पण पडदा एवढा मोठा, म्हणजे ताईचं काहीतरी मोठंच पणाला लागलंय, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. वरून ओरडा झाला, माणसं खाली धावत आली, ड्रायव्हरला शोधून आणलं, तोवर पिंपातला माल स्लॅबला चालण्याच्या पलीकडे गेला होता. दुसरी गाडी तातडीने मागवून स्लॅब कसाबसा वाचला.

ठेकेदाराचा आवाज माझ्या काचेतून आत आला, तेव्हा मी मान वर केली.

"कुणी सांगितलं होतं तुला गाडी थांबवायला? बोल ना! तोंड शिवलंय का?"

"चुकलं साहेब."

"अरे, पण का थांबवली?"

चाकवाल्याने मान खाली घातली. आता त्याने मान वर करून पडद्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी सुटला असता. पण मग ठेकेदाराला दोरी दिसली असती, आणि ती कुंपणाला बांधलेली दिसली असती. तो जमिनीकडे बघत उभा राहिला. ठेकेदार म्हणाला, "जाकीट काढून ठेव आणि गाशा गुंडाळ. उद्या तोंड दाखवू नकोस." चाकवाल्याने खरंच जाकिटाची चेन काढायला सुरुवात केली. घाई नव्हती त्याच्या हातांत. मी हातातला चिमटा खाली ठेवला.

त्याच वेळी वहिनी परतली. गेटावरची गर्दी बघून ती टपरीपाशीच थबकली. मग तिचं लक्ष दोरीकडे गेलं.

"हा पडदा तिथे कुणी घातला?"

"मी. एकट्याने पिळला. बघ, एक थेंब गळत नाही," मालक म्हणाले.

तिने कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, आता मालकांचं काही खरं नाही. पण ती त्यांना एक शब्द बोलली नाही. टपरीतलं ते लाल फडकं उचललं, मुठीत धरलं आणि सरळ गेटात शिरली. मीही मागून गेलो, म्हणजे गेटापर्यंत गेलो. आत जायला डोक्यावर टोपी लागते.

इंजिनिअर मॅडम तोवर खाली आल्या होत्या. तरुण बाई, चेहरा दमलेला, बुटांना ओलं सिमेंट. वहिनी ठेकेदाराला ओलांडून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि बोलायला लागली. पहिल्या दिवसाच्या चादरीपासून सुरुवात केली. फडकं, ताडपत्र्या, भिजवलेला रस्ता, नर्सिंग होम, मालक, मखमल, सगळं. मधे ठेकेदार म्हणाला, "बाई, हे धोब्याचं काय लावलंय इथे?" तर तिने त्याच्याकडे न बघता नुसता हात वर केला आणि पुढे बोलत राहिली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोरी आमच्या कुंपणाला बांधलीय?"

"हो. काढायची असेल तर आत्ता काढते. उद्यापासून पांढरं घेणारही नाही. पण या माणसाला काढू नका."

पांढरं घेणार नाही म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. नर्सिंग होम गेलं तर टपरीत उरणार काय, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चार शर्ट. हे तिने एका दमात बोलून टाकलं.

मॅडमनी चाकवाल्याला विचारलं, "ही म्हणते ते खरंय?"

"त्यांची चूक नाही मॅडम. मिक्सरची गाडी थांबवायची नव्हती. गेट माझं आहे."

मॅडम वळून रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काम सुरू झाल्यापासून रस्त्याच्या धुळीची एकही तक्रार माझ्याकडे आली नाही. मला वाटायचं, इथली माणसंच समजूतदार आहेत."

समजूतदार! आम्ही! मला तर तक्रारीचा मजकूर तोंडपाठ होता, फक्त द्यायची वेळ आली नव्हती.

"दोरी राहू दे," मॅडम म्हणाल्या. "आणि हेही राहतील. पण यापुढे काँक्रीटची गाडी कुठल्याही फडक्यासाठी थांबणार नाही. कळलं?"

"कळलं."

"जाकीट घाला मग. आणि तो माल असाच बसून राहिलाय, फेकायचा नाहीये तो. दगड व्हायच्या आत उतरवा."

"उतरवू कुठे?" ठेकेदार कुरकुरला.

चाकवाल्याने गेटासमोरचा चिखलाचा पट्टा दाखवला, जिथून सगळी पीडा सुरू व्हायची. मग जी धावपळ झाली ती मी विसरणार नाही. जुन्या इमारतीच्या काँक्रीटचा दळलेला चुरा खाली अंथरला, कडेला पाडकामातल्याच फळ्या लावल्या आणि घट्ट व्हायला आलेला माल फावड्यांनी ओढून ओढून पसरला. ठेकेदारानेसुद्धा बाह्या सरसावल्या. मालक न सांगता फावडं घेऊन घुसले आणि, खोटं कशाला सांगू, त्यांनी काम चोख केलं. मीही घमेली उचलली.

शेवटी थोडा माल उरला. चाकवाला मॅडमकडे आणि मग रस्त्यापलीकडे बघत राहिला. वहिनीच्या इस्त्रीच्या टेबलाखाली जमीन कच्ची होती. एक पाय कायम खचायचा, आणि ती त्याखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवत असायची. मॅडमनी मान हलवली. टेबलाखाली फरशीएवढा चौकोन झाला. एक घमेलं माझ्या दुकानाच्या पायरीला मिळालं. उरल्यासुरल्या मालाचा एक ठोकळा केला आणि त्याच्या मधोमध लोखंडी पाइपाचा तुकडा उभा रोवला. कशाला, ते तेव्हा कळलं नाही.

"मला कुणाची मेहेरबानी नको," वहिनी म्हणत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

इमारत उभी राहिली. आतलं काम संपत आलं तशा गाड्या कमी झाल्या आणि एक दिवस कुंपणाचे पत्रे निघाले. त्याच्या आदल्या दिवशी चाकवाल्याने तो ठोकळा ढकलत ढकलत आमच्या फुटपाथवर आणला आणि दोरीचं टोक पाइपाला बांधलं. कुंपण जाणार हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"ताई, एक सदरा आहे. होईल का?"

"इतके दिवस समोर राहिलात, एक कापड आणलं नाहीत माझ्याकडे," वहिनी म्हणाली आणि कागद सोडला. आत पांढराशुभ्र सदरा होता. घातलेला नव्हता, पण घड्यांवर पिवळा पडला होता.

"मुलीने दिलाय. पहिल्या पगारातून."

"मग घातला का नाही?"

"गेटावर? पांढरा?" तो हसला.

वहिनीने तो सदरा धुतला, नीळ दिली, खळ लावली. इस्त्री करताना टेबल तसूभर हललं नाही. एवढ्याशा सदऱ्याला तिने जितका वेळ घेतला तितक्या वेळात नर्सिंग होमचा गठ्ठा झाला असता. कॉलर तीनदा उलटून पाहिली. मालक मदतीला पुढे आले, तर त्यांना म्हणाली, "तुम्ही लांबूनच बघा."

सकाळी तो निघाला. दुसऱ्या गावी नवी साइट होती आणि नवं गेट, पण आधी दोन दिवस घरी. गुडघा जपत, खांद्यावर पिशवी आणि अंगात तो सदरा. नारिंगी जाकिटाशिवाय मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. भला दिसत होता. वहिनी त्याला रागवत होती: वेळेवर खा, गुडघा दाखवून घ्या, मुलीला माझं नाव सांगा. मालकांनी हात धरला तो सोडेनात. मी म्हटलं, "तुमचे फार उपकार आहेत." मनातलं तसंच बोललो, त्याला मुलामा दिला नाही. तो म्हणाला, "माझ्यावर आहेत," आणि बसस्टॉपकडे चालायला लागला.

वहिनी तो जाताना बघत राहिली. मग एकदम टपरीत गेली, ते फडकं घेऊन आली आणि दोरीच्या टोकाला लावलं. दोरीवर दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात नव्या इमारतीच्या बागेसाठी माती घेऊन एक टेम्पो रस्त्यात वळला. वर ताडपत्री नव्हती. आवाज ऐकून चाकवाल्याने सवयीने मागे, दोरीकडे पाहिलं. लाल दिसलं. तसाच तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला. टेम्पो करकचून थांबला.

मग त्याने दोरीकडे पुन्हा नीट पाहिलं. ती रिकामी होती. त्याने वहिनीकडे पाहिलं, आणि मग मान खाली घालून आपल्या सदऱ्याकडे.

"काय झालं हो काका?" ड्रायव्हरने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "हळू ये. पांढरं आहे."

आणि तो रस्त्याच्या कडेने पुढे निघाला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत टेम्पो जागचा हलला नाही.